परिपत्रकाची पीडीएफ स्क्रीन रीडर वाचत नाही: दर सत्रात परत येणाऱ्या तक्रारीचे निवारण

कोल्हापूर, सांगली आणि सातारा या भागातील महाविद्यालयांच्या संकेतस्थळांचे काम पाहताना एक तक्रार दर सत्रात ठरल्यासारखी येते. संकेतस्थळाचे सुगम्यता परीक्षण, म्हणजे ते दिव्यांगांना वापरता येते का याची तपासणी, झालेले असते, ठेकेदाराने दोषांची यादी निकाली काढलेली असते, महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फायलीत त्याचा अहवालही लागलेला असतो. आणि तरीही परीक्षा तोंडावर आली की एखादा दृष्टिबाधित विद्यार्थी कळवतो की, वेळापत्रकातील बदलाचे परिपत्रक उघडते, पण स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर) त्यातले काहीच वाचत नाही. आयटी सेल संकेतस्थळ तपासतो, ते ठीक असते. ठेकेदार त्या एका परिपत्रकापुरती दुरुस्ती करून देतो, बिल लावतो, आणि पुढच्या सत्रात तीच तक्रार दुसऱ्या परिपत्रकाबाबत येते.

हा दोष संकेतस्थळाचा नाहीच. परिपत्रक ज्या टेबलावर टाइप होते, छापले जाते, सही-शिक्क्यासाठी फिरते आणि शेवटी स्कॅनरवर ठेवले जाते, तिथे तो तयार होतो. संकेतस्थळ कितीही वेळा दुरुस्त केले तरी त्या टेबलावरची पद्धत बदलेपर्यंत तो परत येणारच. त्यामुळे खाली संकेतस्थळाच्या आज्ञावलीबद्दल कमी आणि कार्यालयीन कामकाजाबद्दल जास्त लिहिले आहे.

आधी बिघाड नेमका कोणता ते ओळखावे

‘वाचत नाही’ या एकाच तक्रारीखाली तीन निरनिराळे बिघाड असतात. तिन्हींवर उपाय वेगळा असल्यामुळे तक्रार आल्याबरोबर ठेकेदाराला फोन करण्याऐवजी आधी पाच मिनिटे फाइल तपासावी. त्यासाठी कोणतेही महागडे साधन लागत नाही. विंडोज संगणकावर एनव्हीडीए हा विनामूल्य स्क्रीन रीडर बसवून घ्यावा; कंट्रोल, ऑल्ट आणि एन ही बटणे एकत्र दाबली की तो सुरू होतो आणि त्यातील ईस्पीक आवाजात मराठीही आहे. आयटी सेलमधील प्रत्येक संगणकावर तो असायला हवा, हे वेगळे सांगायला नको; प्रत्यक्षात तो बहुधा फक्त ग्रंथालयातील ‘दिव्यांग कक्ष’ अशी पाटी असलेल्या संगणकावर असतो.

पहिला बिघाड म्हणजे पूर्ण शांतता. फाइल उघडली की स्क्रीन रीडर दस्तऐवज रिकामा असल्याचे सांगतो किंवा काहीच बोलत नाही. कंट्रोल आणि एफ दाबून ‘परीक्षा’ हा शब्द शोधला तर तो डोळ्यांसमोर असूनही सापडत नाही, आणि माउसने ओळ निवडायला गेले तर ओळीऐवजी आख्खे पान निवडले जाते. याचा अर्थ पानावर मजकूर नाही, मजकुराचे छायाचित्र आहे. कागद छापून, सही घेऊन, स्कॅन करून चढवलेल्या प्रत्येक परिपत्रकाची हीच अवस्था असते.

दुसरा बिघाड अधिक फसवा आहे, कारण यात मजकूर निवडता येतो, त्यामुळे तपासणारा ‘ही तर टेक्स्ट पीडीएफ आहे’ असे म्हणून फाइल मिटवतो. तो मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवावा. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतील अक्षराला स्वतःचा ठरावीक संकेत देणारी पद्धत, येण्यापूर्वीच्या काळातील फॉन्टमध्ये तो टाइप झालेला असेल तर नोटपॅडमध्ये देवनागरी अक्षरे येतच नाहीत, रोमन अक्षरांचा खच पडतो. कृतिदेव या अशाच एका फॉन्टमध्ये टाइप केलेला ‘कोल्हापूर’ हा शब्द घ्या. पडद्यावर तो व्यवस्थित ‘कोल्हापूर’ दिसतो, पण फाइलमध्ये साठवलेली अक्षरे असतात डी, के, एस, वाय, जी, के, आय, डब्ल्यू, जे. डी या अक्षराच्या जागी ‘क’चे चित्र काढायचे, के आणि एसच्या जागी काना आणि मात्रा काढायची, एवढेच तो फॉन्ट करतो. स्क्रीन रीडर चित्र पाहत नाही, साठवलेली अक्षरे वाचतो. त्यामुळे विद्यार्थ्याला कोल्हापूरऐवजी इंग्रजी उच्चारात काहीतरी निरर्थक ऐकू येते. त्या फॉन्टना दोष देण्यात अर्थ नाही. संगणकावर मराठी उमटवण्याची दुसरी सोय नव्हती तेव्हा त्यांनी मराठी छपाई सांभाळली. पण कागदासाठी केलेली ती सोय संकेतस्थळावर चालत नाही. संकेतस्थळावरच्या शोधखिडकीत किंवा गूगलवर आपलीच परिपत्रके सापडत नाहीत, ही जी दुसरी कायमची तक्रार असते तिचेही मूळ हेच आहे, आणि ती तक्रार प्राचार्यांची असल्यामुळे तिच्याकडे लवकर लक्ष जाते.

तिसऱ्या बिघाडात आवाज येतो, शब्दही मराठी असतात, पण अर्थ लागत नाही. याची कारणे अनेक. पानाच्या किंवा फाइलच्या गुणधर्मात भाषा इंग्रजी नोंदलेली असते, कारण तयार साचा तसाच आलेला असतो. मग स्क्रीन रीडर मराठी मजकूर इंग्रजी आवाजाने वाचायला जातो, किंवा देवनागरी सोडून फक्त मधले इंग्रजी शब्द आणि आकडे वाचतो. काही पीडीएफमध्ये अक्षरे युनिकोडच असतात, पण पीडीएफ बनताना त्यांचा क्रम बिघडतो आणि ऱ्हस्व वेलांटी आपल्या व्यंजनाच्या आधी जाऊन बसते: ‘िवभाग’, ‘िदनांक’. डोळ्यांना एरवी हे कळत नाही, कॉपी केल्यावरच दिसते. आणि सर्वांत त्रासदायक प्रकार वेळापत्रकाच्या तक्त्याचा. तक्त्याला शीर्ष ओळ नेमून दिलेली नसेल, किंवा तो तक्ता नसून स्पेसबार आणि टॅब मारून जुळवलेल्या ओळी असतील, तर ‘१४, सोमवार, ११ ते २, १५, मंगळवार’ असा आकड्यांचा ओघ ऐकू येतो आणि कोणता विषय कोणत्या दिवशी हे शेवटपर्यंत कळत नाही. परीक्षेच्या वेळापत्रकात ही चूक विद्यार्थ्याला पेपर चुकवण्यापर्यंत नेऊ शकते.

कागदाचा प्रवास

आता परिपत्रक कसे तयार होते ते पाहावे. लिपिक जुन्या परिपत्रकाची फाइल उघडतो, तिच्यात तारीख आणि विषय बदलतो. ती फाइल जुन्या फॉन्टमधली असल्यामुळे नवेही त्याच फॉन्टमध्ये होते. प्रिंट निघते, वरिष्ठांची सही होते, जावक क्रमांक पेनाने लिहिला जातो, गोल शिक्का नेमका शेवटच्या दोन ओळींवर बसतो. मग तो कागद स्कॅन होऊन, आणि आजकाल बऱ्याचदा मोबाइलने फोटो काढून व्हॉट्सॲपवरून, आयटी सेलकडे जातो. तिथला माणूस फाइलचे नाव न बदलता ती चढवतो आणि शेजारी ‘नवीन’ असे लुकलुकणारे चित्र लावतो. त्या चित्राला पर्यायी मजकूर, म्हणजे चित्राचे शब्दांतले वर्णन, नसल्यामुळे काही स्क्रीन रीडर प्रत्येक ओळीनंतर त्या चित्राच्या फाइलचे नाव वाचतात, हा आणखी एक जाच. माहितीपत्रक असेल तर ते कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एखाद्या डीटीपी सेंटरमधून तयार होऊन येते आणि तिथे छपाईलाच प्राधान्य असते, त्यात त्यांचे काही चुकत नाही; आपण त्यांच्याकडून दुसरे काही मागितलेलेच नसते.

या साखळीत मूळ मजकूर संगणकावर जिवंत असतो, आपणच त्याचे चित्र करतो आणि नंतर त्या चित्रातून पुन्हा मजकूर काढण्यासाठी ठेकेदाराला पैसे देतो. सहीसाठी! जिथे तिथे अडणारा मुद्दा हाच असल्यामुळे त्यावर जरा सविस्तर लिहितो.

सही आणि शिक्का यांचा प्रश्न

‘सही दिसली नाही तर परिपत्रक खरे कशावरून?’ हा प्रश्न कुलसचिव आणि प्राचार्य हमखास विचारतात, आणि तो रास्त आहे. त्याला तीन उत्तरे आहेत. सर्वांत चांगले उत्तर म्हणजे डिजिटल स्वाक्षरी. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४ ने इलेक्ट्रॉनिक अभिलेखाला आणि कलम ५ ने इलेक्ट्रॉनिक स्वाक्षरीला कायदेशीर मान्यता दिली आहे, आणि ई-निविदांच्या निमित्ताने अनेक कार्यालयांत स्वाक्षरीचे टोकन आधीच टेबलाच्या खणात पडलेले असते. मात्र ही स्वाक्षरी मजकूर असलेल्या पीडीएफवर करायची. आधी कागदावर सही करून, स्कॅन करून, मग त्या स्कॅनवर डिजिटल स्वाक्षरी करण्याचा प्रकार काही ठिकाणी चालतो, त्याने काहीच साधत नाही. स्वाक्षरी करण्यापूर्वीच फाइल सुगम्य करून घ्यावी, कारण नंतर केलेला कोणताही बदल स्वाक्षरी अवैध ठरवतो.

डिजिटल स्वाक्षरीची सोय नसेल तर मजकुराचे परिपत्रक संकेतस्थळावर मुख्य दुव्याने द्यावे, खाली ‘मूळ प्रतीवर स्वाक्षरी आहे’ ही ओळ घालावी, आणि स्कॅन केलेली प्रत दुसऱ्या दुव्याने जोडावी. दोन्ही दुव्यांची नावे स्पष्ट असावीत. तिसरे उत्तर मला व्यक्तिशः सर्वांत पसंत आहे: परिपत्रक पीडीएफ न करता थेट संकेतस्थळाचे पान म्हणून प्रसिद्ध करावे. अधिकृत संकेतस्थळावर असणे हाच त्याच्या खरेपणाचा पुरावा, मोबाइलवर ते बोटांनी ताणावे लागत नाही, आणि वेलांटीचा घोळ मुळातच होत नाही. दोन परिच्छेदांच्या सूचनेसाठी पीडीएफ करण्याची गरज का वाटते, हे मला अजून कोणी पटवून दिलेले नाही.

फाइल करतानाची दुरुस्ती

परिपत्रकाचा नवा साचा एकदा बनवून सर्व विभागांना द्यावा आणि जुन्या साच्याच्या फाइली सामायिक फोल्डरमधून काढून टाकाव्यात. हे दुसरे पाऊल टाळले तर लिपिक जुनीच फाइल उघडणार, यात शंका नाही. नव्या साच्यात युनिकोड फॉन्ट असावा, शीर्षक आणि उपशीर्षके वर्डमधील हेडिंग शैलीने दिलेली असावीत, केवळ ठळक करून नव्हे. तक्त्याची पहिली ओळ शीर्ष ओळ म्हणून नेमलेली असावी आणि दस्तऐवजाची भाषा मराठी ठरवलेली असावी. ज्यांची बोटे जुन्या टंकलेखन यंत्राच्या कळफलकावर बसलेली आहेत त्यांना इनस्क्रिप्ट हा वेगळा कळफलक शिकायला लावण्याचा हट्ट धरू नये. तोच कळफलक युनिकोडमध्ये देणारी साधने उपलब्ध आहेत, आणि बदलाला होणारा निम्मा विरोध तेवढ्याने मावळतो.

पीडीएफ करताना ‘प्रिंट’मधून करू नये. प्रिंटच्या वाटेने गेलेल्या फाइलमधील शीर्षके, तक्ते, भाषा ही सगळी रचना गळून पडते. ‘सेव्ह ॲज’मधून पीडीएफ निवडून पर्यायांमध्ये दस्तऐवजाच्या रचनेचे टॅग ठेवण्याची खूण केलेली आहे ना, ते पाहावे, लिबर ऑफिसमध्येही टॅग असलेली पीडीएफ करण्याचा पर्याय आहे. तयार फाइल पीएसी या विनामूल्य तपासनीसातून काढावी आणि मग एनव्हीडीएवर प्रत्यक्ष ऐकावी. तपासनीसाने हिरवी खूण दिली म्हणून ऐकणे टाळू नये: वेलांटीचा बिघाड तपासनीसाला कळत नाही, कानाला लगेच कळतो.

जुन्या फॉन्टमधील मजकूर युनिकोडमध्ये बदलणारी रूपांतरके मिळतात आणि ती बऱ्यापैकी काम करतात, पण रफार, जोडाक्षरे आणि इंग्रजी-मराठी मिश्र ओळींत चुका राहतात. आकडे आणि तारखा तर डोळ्यांत तेल घालून तपासाव्यात. ओसीआर, म्हणजे छायाचित्रातील अक्षरे यंत्राने ओळखून मजकूर काढणे, हा शेवटचा उपाय समजावा. टेसरॅक्ट हे मुक्त साधन मराठी ओळखते, गूगल ड्राइव्हमध्येही स्कॅन फाइल डॉक्समध्ये उघडली की मजकूर मिळतो, परंतु शिक्क्याखालच्या ओळी आणि तक्ते यांची दाणादाण उडते. ज्या वेळापत्रकाची मूळ वर्ड फाइल परीक्षा विभागाच्या संगणकावर आहे, त्याच्या स्कॅनवर ओसीआर चालवणे हा वेळेचा अपव्यय आहे.

टिपणीला जोडण्यासाठी कायदेशीर आधार

पद्धत बदलायची तर वरिष्ठांची मान्यता लागते आणि टिपणीत कायद्याचा आधार असला की फाइल हलते, हा अनुभव सार्वत्रिक आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आहे. कलम १६ नुसार शासनाने निधी किंवा मान्यता दिलेल्या शैक्षणिक संस्थांनी सर्वसमावेशक शिक्षण द्यायचे आहे आणि विद्यार्थ्याच्या गरजेप्रमाणे वाजवी सोय करून द्यायची आहे. अशी वाजवी सोय नाकारणे हा या अधिनियमाच्या व्याख्येनुसारच भेदभाव ठरतो. कलम ४२ मध्ये ध्वनी, मुद्रित आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमांतील आशय सुगम्य स्वरूपात असण्याची, तसेच ध्वनिवर्णन (पडद्यावर दिसते ते बोलून सांगणे), सांकेतिक भाषा (कर्णबधिरांची खुणांची भाषा) आणि कॅप्शन यांची तरतूद आहे. कलम ४६ सेवा पुरवठादारांना लागू होते, मग ते शासकीय असोत वा खासगी. त्यामुळे ‘आम्ही विनाअनुदानित आहोत’ हे कारण पुढे करून सुटका नाही. कलम ८९ खाली पहिल्या उल्लंघनाला १०,००० रुपयांपर्यंत आणि त्यानंतरच्या प्रत्येक उल्लंघनाला ५०,००० ते ५ लाख रुपयांपर्यंत दंड आहे.

मानकांबाबत मात्र अलीकडे गोंधळ माजला आहे. या अधिनियमाखालील २०१७ च्या नियमांतील नियम १५ ने संकेतस्थळांसाठी केंद्र सरकारची संकेतस्थळविषयक मार्गदर्शक तत्त्वे लागू केली होती आणि संकेतस्थळावरील दस्तऐवज ईपब (ई-पुस्तकाचे स्वरूप) किंवा ओसीआर केलेल्या पीडीएफ स्वरूपात असावेत असे म्हटले होते. म्हणजे नुसते स्कॅन टाकू नका, हे नियमातच होते. २०२३ मध्ये त्यात आयएस १७८०२ या सुगम्यतेच्या भारतीय मानकाची भर पडली. पुढे ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात नियम १५(१) अधिनियमाशी विसंगत ठरवला. ‘नियमच रद्द झाला, आता बंधन कसले’ असा युक्तिवाद मी बैठकीत ऐकला आहे आणि तो निकाल उलटा वाचल्याचा प्रकार आहे. न्यायालयाची हरकत नियम कडक असण्याला नव्हती. अधिनियमाला सक्तीची मानके अपेक्षित असताना नियम केवळ शिफारशींवर थांबतो, ही हरकत होती, आणि म्हणून केंद्राला सक्तीचे नियम करण्याचा आदेश दिला गेला. पाठोपाठ ३० एप्रिल २०२५ रोजी प्रज्ञा प्रसून प्रकरणात न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंतची पोहोच अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काशी जोडली. ते प्रकरण ई-केवायसीचे, म्हणजे ऑनलाइन ओळख पडताळणीचे होते, पण प्रवेश अर्ज आणि परीक्षा अर्ज यांना त्यातले तत्त्व लागू पडणार नाही असे समजणे धाडसाचे होईल.

व्यवहारात कोणते मानक धरावे? डब्ल्यूसीएजी या वेब सुगम्यतेच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २.१ आवृत्तीची एए, म्हणजे मधली पातळी. केंद्राच्या मार्गदर्शक तत्त्वांची २०२३ मधील तिसरी आवृत्ती याच मानकावर आधारलेली आहे, त्यामुळे उद्या नियम कोणत्याही शब्दांत आले तरी हे काम वाया जाणार नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये २.२ ही आवृत्ती आली असून नव्या कंत्राटात तीच घालणे शहाणपणाचे.

तक्रार विद्यार्थ्याच्या बाजूने पुढे न्यायची असेल तर पुण्यातील राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे अर्ज करता येतो. आयुक्तांनी शिफारस केली तर कलम ८१ नुसार संबंधित प्राधिकरणाला तिच्यावर कार्यवाही करून तीन महिन्यांत कळवावे लागते. रिट याचिकेसाठीही आता मुंबई गाठायला नको: मुंबई उच्च न्यायालयाचे कोल्हापूर सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झाले असून कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे त्याच्या कक्षेत आहेत. ही गोष्ट टिपणीत लिहावी की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. बैठकीत सांगितली की शांतता पसरते, एवढे खरे.

व्हिडिओ

व्हिडिओंबाबतचा बिघाडही असाच उगमापाशी सुधारण्यासारखा आहे. ध्वनिमुद्रित व्हिडिओला कॅप्शन असणे ही डब्ल्यूसीएजीची ए पातळीची, म्हणजे किमान अट आहे. ध्वनिवर्णन एए पातळीवर येते. आपल्याकडचे प्राध्यापक मराठीत शिकवतात आणि संज्ञा इंग्रजीत उच्चारतात, त्यामुळे यंत्राने आपोआप केलेली कॅप्शन नेमकी संज्ञांवर घसरतात, आणि परीक्षेत विचारल्या जातात त्या संज्ञाच. ती तपासून घेण्यासाठी बाहेरची संस्था नेमण्याची गरज नाही. त्या विषयाच्या वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना ‘कमवा आणि शिका’ योजनेतून हे काम द्यावे. संज्ञा त्यांना माहीत असतात, आणि गवत काढण्यापेक्षा हे काम त्यांच्या अभ्यासाला उपयोगी.

ध्वनिवर्णनाचा खर्च ऐकून संस्था बिचकतात, पण तो बराचसा टाळता येतो. गणिताच्या एका तासिकेच्या मुद्रणात प्राध्यापक फळ्याकडे बोट दाखवत म्हणत होते, ‘आता हे इकडे घ्या, यातून हे वजा करा, म्हणजे हे आलं.’ तीन वेळा ‘हे’, एकदा ‘यातून’, आणि चारही वेळा अर्थ वेगळा. तेच वाक्य ‘दोन एक्स डाव्या बाजूला घ्या, सातातून तीन वजा करा, चार आले’ असे म्हटले की वेगळ्या ध्वनिवर्णनाची गरज उरत नाही. फळ्यावर लिहिलेले तोंडाने बोला, ही एकच सूचना मुद्रणकक्षाच्या दारावर लावावी. थेट प्रक्षेपण आणि दीक्षान्त समारंभासारखे कार्यक्रम यांच्यासाठी मात्र सांकेतिक भाषेच्या दुभाष्याची तरतूद आधीच अंदाजपत्रकात धरावी लागते. ऐनवेळी माणूस मिळत नाही.

ॲप आणि अर्ज

ॲपची पहिली तपासणी सोपी आहे. अँड्रॉइड फोनवर टॉकबॅक हा त्यातलाच स्क्रीन रीडर सुरू करावा, डोळे मिटावेत आणि हॉल तिकीट उतरवून घेण्याचा प्रयत्न करावा. ‘बटण’, ‘बटण’, ‘बटण’ एवढेच ऐकू आले तर बटणांना नावे दिलेली नाहीत, आणि ते काम ॲप बनवणाऱ्याचे एका दिवसाचे आहे. चित्रातील वाकडीतिकडी अक्षरे ओळखायला लावणारा कॅप्चा आणि भरता भरता पानाची वेळमर्यादा संपताच सगळा अर्ज पुसणारे पान, ही दोन ठिकाणे सर्वांत जास्त विद्यार्थी अडवतात. ज्यांच्यासाठी कलम ३२ ने शासकीय आणि अनुदानित संस्थांत किमान ५ टक्के जागा राखल्या, त्यांनाच अर्जाच्या पहिल्या पानावर अडवणे कोणत्याही युक्तिवादाने समर्थनीय ठरत नाही. रंगांचे म्हणाल तर साध्या मजकुरात अक्षरे आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणात ४.५ : १ एवढी तफावत (कॉन्ट्रास्ट) लागते, वेबवर सर्रास वापरल्या जाणाऱ्या केशरी छटेवर पांढरी अक्षरे ठेवली की ती जेमतेम २.१ : १ भरते, आणि आपल्याकडची निम्मी बटणे केशरी-पांढरी असतात.

कोपऱ्यात चाकाच्या खुर्चीचे चिन्ह असलेले एक बटण बसवून ‘एका ओळीत संपूर्ण सुगम्यता’ देणारी साधने विकायला येतात. ती घेऊ नयेत. स्कॅन केलेल्या पीडीएफचा मजकूर त्या बटणातून होत नाही, आणि ज्याला स्क्रीन रीडर लागतो त्याच्याकडे तो आधीच असतो. अशाच एका कंपनीच्या दाव्यांवरून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने जानेवारी २०२५ मध्ये तिच्यावर १० लाख डॉलर भरण्याचा आदेश प्रस्तावित केला होता. त्याऐवजी ठेकेदाराच्या करारात आयएस १७८०२ आणि डब्ल्यूसीएजीची पातळी नाव घेऊन लिहावी, अंतिम देयकाआधी स्क्रीन रीडर वापरणाऱ्या व्यक्तीकडून चाचणी करून घेण्याची अट घालावी, आणि त्या व्यक्तीला त्या कामाचे मानधन द्यावे.

चढवण्यापूर्वीचा अडसर

वरील सगळे करूनही घसरण होते ती घाईत. रात्री नऊ वाजता परीक्षा पुढे ढकलल्याचा निर्णय येतो आणि व्हॉट्सॲपवर आलेला फोटो संकेतस्थळावर जातो. म्हणून आयटी सेलला एक अधिकार लेखी द्यावा: ज्या फाइलमधील मजकूर निवडता येत नाही ती चढवण्यास नकार देण्याचा. तातडीच्या वेळी निदान सूचनेचा मजकूर पानावर टाइप करून, फोटो त्याखाली लावावा. चार ओळी टाइप करायला फोटो चढवण्याइतकाच वेळ लागतो. हा अधिकार तोंडी असेल तर टिकत नाही, कारण नकार द्यायचा असतो तो वरिष्ठांना.

जुन्या फाइलींचे काय, हा प्रश्न शेवटी उरतोच. वर्षानुवर्षांची परिपत्रके एकदम बदलण्याचा संकल्प केला जातो आणि तो महिनाभरात बारगळतो. चालू वर्षाचे वेळापत्रक, प्रवेश, शुल्क, शिष्यवृत्ती, अभ्यासक्रम आणि परीक्षेतील लेखनिक व जादा वेळेची परिपत्रके एवढीच आधी घ्यावीत. ज्यांची मूळ वर्ड फाइल विभागाकडे आहे त्यांना सर्वांत आधी. कालबाह्य परिपत्रके अभिलेखागाराच्या वेगळ्या पानावर हलवावीत आणि त्या पानाच्या माथ्यावर लिहावे की यांपैकी कोणताही दस्तऐवज सुगम्य स्वरूपात हवा असल्यास अमुक पदाच्या अधिकाऱ्याकडे, अमुक दूरध्वनीवर कळवावे, तो इतक्या दिवसांत मिळेल. दिवस किती ते संस्थेने आपल्या मनुष्यबळाप्रमाणे ठरवावे, पण आकडा लिहावा. आणि तो दूरध्वनी कार्यालयीन वेळेत उचलला जातो ना, हे अधूनमधून स्वतः फोन लावून पाहावे.